पाथफाइंडर सोसायटीत पहिल्यांदा खेळायला बसताय? मग हे आधी बघून घ्या

पाथफाइंडर सोसायटी म्हणजे राहायची सोसायटी नव्हे, पाथफाइंडर या रोलप्लेइंग गेमचं जगभर चालणारं कॅम्पेन. रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक कॅरेक्टर चालवायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, आणि कॅम्पेन म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी तीच लांबलचक गोष्ट. घरच्या गेमचं काय होतं ते काय सांगायला नको. पाच जण जमतात, दणक्यात कॅम्पेन सुरू होतं, तिसऱ्या रविवारी एकाच्या मावसबहिणीचं लग्न निघतं, चौथ्या रविवारी जीएमचीच (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) नाइट शिफ्ट, आणि मग ग्रुपवर नुसतं "कधी भेटायचं रे". माझी तीन कॅरेक्टर्स अशी लेव्हल २ ला धूळ खात पडलीयेत. शेवटी कंटाळून मी ऑर्गनाइज्ड प्लेकडे वळले, म्हणजे असं कॅम्पेन की जे एका ग्रुपचं नसतंच, जगभरचे लोक एकाच जगात खेळतात, तुमचं कॅरेक्टर आज पुण्यात कुणाच्या डायनिंग टेबलवर आणि पुढच्या शनिवारी ऑनलाइन एखाद्या जर्मन जीएमकडे, पण कॅरेक्टर तेच, पैसे तेच, तलवार तीच.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत आरपीजीए ही रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांची संघटना १९८० पासून होती, १९८७ ला त्यांनी रेव्हन्स ब्लफ नावाचं एक काल्पनिक शहर सगळ्या मेंबरांना मिळून खेळायला दिलं. मग २००० ते २००८ लिव्हिंग ग्रेहॉक नावाचं कॅम्पेन चाललं, त्यात तर कमाल म्हणजे खेळातल्या नकाशावरचे प्रांत खऱ्या देशांना आणि राज्यांना वाटून दिले होते, तुम्ही राहता तिथला प्रांत तुमचा, दुसऱ्या प्रांताची साहसं खेळायची तर बॅग भरून तिकडे जायचं! आता डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, असाच दुसरा खेळ) वाल्यांची अ‍ॅडव्हेंचरर्स लीग आहे, २०१४ पासूनची, आणि पाथफाइंडर काढणाऱ्या पायझो कंपनीची पाथफाइंडर सोसायटी, २००८ पासूनची, जी २०१९ ला खेळाच्या नियमांच्या दुसऱ्या एडिशनवर आली. मी सोसायटी खेळते म्हणून तिच्याबद्दलच लिहितेय, लीगवाल्यांनी रागावू नये.

पहिलं काम, पायझोच्या साइटवर फुकट अकाउंट काढून ऑर्गनाइज्ड प्ले नंबर घ्या. तुमच्या कॅरेक्टरचा नंबर त्यालाच जोडून येतो, दुसऱ्या एडिशनचं पहिलं कॅरेक्टर २००१, पुढचं २००२ असं. पुस्तकं लगेच विकत घ्यायची गरज नाही, आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर नियम फुकट आणि अधिकृत आहेत, आणि कॅरेक्टर बनवायला पाथबिल्डर अ‍ॅप आहे. फक्त पाथबिल्डर दाखवतं ते सगळं सोसायटीत चालतंच असं नाही हं. नियमांत गोष्ट किती दुर्मिळ ते लिहिलेलं असतं, कॉमन गोष्टी बहुतेक चालतात, अनकॉमन आणि रेअर दिसलं की थांबा आणि नेथिसवर चेक करा, नाहीतर टेबलवर बसल्यावर जीएम प्रेमाने सांगतो की ही वस्तू काढ, आणि तुमचा सगळा बेत त्याच वस्तूवर उभा असतो.

पहिल्याच दिवशी स्वतःचं कॅरेक्टर नसलं तरी चालतं. तयार कॅरेक्टर्स मिळतात, व्हॅलेरॉस फायटर (लढवय्या), मेरिसिएल रोग (आजार नव्हे, इंग्रजीतला rogue, चोरटा), इझरेन विझर्ड (जादूगार), कायरा क्लेरिक (पुजारीण). मी पहिला गेम कायरा घेऊन खेळले, कारण बाकीच्यांनी बाकीची उचलली होती. आणि त्या खेळाचं क्रेडिट (म्हणजे खेळून झालेली कमाई) नंतर स्वतःच्या लेव्हल १ च्या कॅरेक्टरला लावता येतं, त्यामुळे वाया काही जात नाही.

आता कॅरेक्टर कसं बनवायचं, इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. घरच्या ग्रुपमध्ये तुम्हाला माहीत असतं की दादा टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा), ताई हीलर (जखमा भरणारी), मग आपण काहीही झालो तरी भागतं. इथे टेबलवर कोण येणार ते तासभर आधीपर्यंत कळत नाही. त्यामुळे एसटीत कुणाच्याही शेजारी बसवलं तरी निभेल असं कॅरेक्टर पाहिजे. "मी एकटा फिरतो, कुणावर विश्वास ठेवत नाही" वालं कॅरेक्टर घरीच ठेवा. सोसायटीत तुम्ही सगळेच पाथफाइंडर एजंट असता, अ‍ॅब्सॅलम शहरातल्या ग्रँड लॉजची माणसं, आणि ब्रीद तीन शब्दांचं आहे, शोधा, नोंदवा, सहकार्य करा. तिसरा शब्द नियमातही आहे, दुसऱ्या खेळाडूच्या कॅरेक्टरवर त्याच्या मर्जीशिवाय हल्ला करता येत नाही आणि दुष्टपणा करायला आलेलं कॅरेक्टर चालत नाही.

आणि मेडिसिन घ्या, म्हणजे जखमा बऱ्या करायचं स्किल. क्लास (फायटर, विझर्ड वगैरे) काहीही असू दे, एक स्किल मेडिसिनला द्या आणि हीलर्स टूलकिट विकत घ्या. एकदा आम्ही सहा जण होतो, दोन फायटर, एक बार्बेरियन, एक विझर्ड, एक अल्केमिस्ट आणि मी रोग. पहिल्या मारामारीनंतर बार्बेरियनकडे ४ हिट पॉइंट (म्हणजे एवढाच जीव) उरले, जीएमने विचारलं मेडिसिन कुणाला येतं, तर व्हॉइस चॅनलवर एकदम शांतता, कुणाच्या तरी घरचा कुकर तेवढा ऐकू येत होता (माझ्याच). मी एक स्किल उरलं म्हणून मेडिसिन टाकलं होतं. डीसी १५ (म्हणजे एवढे तरी गाठायचे), फासा १४, वर माझ्या स्किलचे ४, दहा मिनिटं पट्ट्या बांधल्या आणि २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) मध्ये ११ परत आले. त्या दिवसापासून मी त्या टेबलची डॉक्टरीण.

गेम शोधायचे कसे, तर बहुतेक सगळं वॉरहॉर्न या साइटवर आणि सोसायटीच्या डिस्कॉर्ड सर्व्हरांवर असतं, खेळ मग फाउंड्री नाहीतर रोल२० या ऑनलाइन टेबलांवर. नाव नोंदवताना तीन गोष्टी बघा. लेव्हलची मर्यादा, १ ते ४ लिहिलं असेल तर ५ व्या लेव्हलचं कॅरेक्टर चालणार नाही. सिनॅरिओ (एका बैठकीची गोष्ट) आधी खेळलाय का, कारण क्रेडिटसाठी एक सिनॅरिओ खेळाडू म्हणून साधारण एकदाच खेळता येतो, 'रिपीटेबल' लिहिलेले सोडून. आणि तिसरी गोष्ट वेळ, तिच्यावर मी स्वतः आपटलेय. शनिवारी ७ वाजता असं वाचलं, शनिवारी ७ ला चहा घेऊन, हेडफोन लावून, डिस्कॉर्डमध्ये एकटीच बसून राहिले, अर्ध्या तासाने लक्षात आलं की ते न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ७ होते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारी पहाटेचे साडेचार! तेव्हापासून मी युरोपातल्या संध्याकाळचेच गेम बघते, जर्मनीतले ७ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेदहा, जेवण उरकून बसता येतं. पण सिनॅरिओ ४-५ तास चालतो, सोमवारी सकाळी मीटिंग असेल तर रविवारी रात्री बसू नका. कमी वेळ असेल तर बाउंटी नावाचे छोटे प्रकार असतात, तास-दीड तासाचे, नवीन माणसाला तेच बरे.

टेबलवर गेल्यावर साधं असतं. जीएम ब्रीफिंग देतो, व्हेंचर-कॅप्टन (गोष्टीतला सोसायटीचा अधिकारी) तुम्हाला काम सांगतो, तिथे प्रश्न विचारायला लाजू नका, पुढची अर्धी माहिती तिथेच मिळते. सुरुवातीला एक हीरो पॉइंट (फसलेला फासा परत टाकायला) मिळतो, तो जपून जपून शेवटी न वापरता घरी नेऊ नका, पुढच्या गेमला उरत नाही. आणि इंग्रजी कच्चं आहे म्हणून गप्प बसणाऱ्यांना सांगते, त्या टेबलवर ब्राझीलचा, पोलंडचा, फिलिपिन्सचा माणूस असतो, सगळ्यांचंच तसं असतं.

खेळ संपल्यावर मात्र लगेच उठून जायचं नाही. जीएम तुम्हाला क्रॉनिकल देतो, एक पानी कागद नाहीतर पीडीएफ, त्यावर सिनॅरिओचं नाव, मिळालेले एक्सपी (अनुभवाचे गुण), सोनं, रेप्युटेशन (नावलौकिक), आणि खाली आता विकत घेता येतील अशा खास वस्तू. हा तुमच्या कॅरेक्टरचा सातबारा समजा. पुढच्या टेबलवरचा जीएम तुम्हाला ओळखत नाही, तो कागद ओळखतो. एका सिनॅरिओचे ४ एक्सपी, १२ झाले की लेव्हल, म्हणजे तीन सिनॅरिओ. शिवाय ८ दिवसांचा डाउनटाइम (कॅरेक्टरचा मोकळा वेळ) मिळतो, त्यात कामधंदा करून पैसे मिळवायला फासा टाकायचा. पहिल्या लेव्हलला फासा लागला तरी दिवसाला ५ तांब्याची नाणी, म्हणजे आठ दिवस राबून ४०, चार चांदीची नाणी झाली! ड्रॅगनशी लढणाऱ्या बाईची ही मजुरी. तरीपण लिहा, कारण तेही जमा होत जातं.

क्रॉनिकल मिळाल्या मिळाल्या कॅरेक्टरच्या नावाचा फोल्डर करून त्यात टाका, फाइलच्या नावात तारीख आणि सिनॅरिओचा नंबर द्या. मी सुरुवातीला सगळं डाउनलोड्समध्येच ठेवायचे, मग फोन बदलला आणि दोन क्रॉनिकल गेले, त्या जीएमना शोधून परत मागताना जी लाज वाटली ती वेगळीच. दोन-तीन आठवड्यांनी साइटवर गेम रिपोर्ट झालाय का तेही बघा, नसेल तर जीएमला एक नम्र मेसेज. रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डी असे कोड असतात, म्हणजे तुमच्या टेबलने गोष्टीतल्या अमुक माणसाला सोडलं का पकडलं वगैरे, आणि कंपनी पुढच्या गोष्टी लिहिताना ते बघते, मला तर यातच सगळ्यात मजा वाटते.

चार-पाच गेम झाले की जीएमिंग करून बघा, त्याचंही क्रॉनिकल स्वतःच्या कॅरेक्टरला मिळतं. परवानगी कुणाची लागत नाही, नंबर असला की साइटवर स्वतःचा इव्हेंट काढता येतो, घरातला असला तरी. १-०१ नंबरचा हा सोसायटीची ओळख करून देणारा सिनॅरिओ आहे, रिपीटेबल आहे, लेव्हल १ ते ४ चा, मी पहिल्यांदा तोच चालवला, आमच्या हॉलमध्ये, चार जण, नकाशा चार्ट पेपरवर काढलेला, मॉन्स्टर म्हणून कॅरमच्या सोंगट्या. आदल्या रात्री दोनदा वाचून काढा आणि क्रॉनिकलच्या प्रिंट आधीच मारून ठेवा, रविवारी झेरॉक्सवाला बंद असतो.