परतीचा पाऊस, चिखलाचा गोठा आणि दगडी

सोलापूर जिल्ह्यात जून-जुलै कोरडे गेले तरी सप्टेंबर सहसा भिजवतो. रब्बी ज्वारीला हा पाऊस हवाच असतो, गोठ्याला मात्र तो मानवत नाही. वर ढग, खाली काळ्या मातीचा चिखल, सडांवर बसणाऱ्या माशा, आणि त्यातच दिवाळीच्या आगेमागे व्यायला आलेल्या गाई. या दिवसांत दगडीच्या, म्हणजे कासेच्या दाहाच्या, तक्रारी वाढतात त्या उगाच नाही.

दगडी म्हटलं की लालबुंद, टणक, हात लावू न देणारी कास डोळ्यांपुढे येते. अशी गाय कुणालाही ओळखता येते आणि तिच्यासाठी डॉक्टरही बोलावला जातो. दोन-पाच गाईंच्या गोठ्याचं खरं कंबरडं मोडते ती सुप्त दगडी. कास मऊ असते, दूध पांढरंशुभ्र दिसतं, गाय निवांत रवंथ करत असते, आणि एका सडाचं दूध मात्र हळूहळू उतरत जातं. तिची पहिली खूण बहुधा डेअरीच्या पावतीवर दिसते. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो. एसएनएफ 8.2 वर आलं की आपण वैरणीला दोष देतो, पेंड बदलतो, नाहीतर संकलन केंद्राच्या यंत्रावर संशय घेतो. कधी कधी तो खराही असतो. पण कासेत जंतू शिरले की दुधातली साखर आणि केसिन हे प्रथिन कमी होतं आणि एसएनएफ घसरतं. म्हणून पेंडीचं पोतं बदलण्याआधी चारही सड तपासा.

तपासणीसाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे दगडीची चाचणी) किट मिळतं. चार खणांच्या ट्रेमध्ये प्रत्येक सडाचं साधारण 3 मिली दूध घ्यायचं, तेवढंच द्रावण घालायचं आणि ट्रे गोल हलवायचा. दूध पातळच राहिलं तर सड ठीक. चिकट, जेलीसारखं झालं तर त्या सडात दगडी आहे. किट नसेल तर अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवून तेच करता येतं. अंदाज घ्यायला एवढं पुरतं. जेली होते ती जंतूंशी लढायला दुधात उतरलेल्या पेशींमुळे. निरोगी सडाच्या दुधात एका मिलीत 1 लाखापेक्षा कमी पेशी असतात, 2 लाखांच्या वर गेल्या की शंका घ्यायची. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत, चीक असताना, ही चाचणी फसवते. त्यानंतर करा आणि पुढे महिन्यातून एकदा करत राहा.

जंतू दोन वाटांनी येतात. काही जंतू रोगी कासेतच राहतात आणि धार काढताना हातातून, फडक्यातून, मशीनच्या रबरातून दुसऱ्या गाईकडे जातात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्यातला सर्वांत चिवट. एकदा मुरला की औषधालाही नीट दाद देत नाही. दुसरे शेणातले, चिखलातले, ओल्या बसण्यातले. ई. कोलाय त्यांपैकी एक. पावसाळ्यात हे दुसरे जोर धरतात.

आता गोठ्याच्या जमिनीचं बघू, कारण आपल्या भागात घोळ इथेच होतो. गाई न बांधता मोकळ्या ठेवायचे मुक्त गोठे गेल्या काही वर्षांत गावोगाव झाले, कल्पना चांगलीच आहे, पण बरेचसे थेट काळ्या रानावर तारा ओढून केलेले. उन्हाळ्यात तिथे गाय मजेत बसते. सप्टेंबरच्या दोन मोठ्या पावसांनंतर तिथेच गुडघाभर राड होते आणि कास त्यात लोळते. पाऊस सुरू झाल्यावर मुरूम टाकून उपयोग नसतो, तो चिखलात गडप होतो. उघडीप मिळाली की राड खरवडून काढा, मग मुरमाचा जाड थर द्या, धुमसून घ्या आणि उतार बाहेरच्या बाजूला काढा. सगळा गोठा जमत नसेल तर निदान गाय जिथे बसते तो उंचवटा आणि गव्हाणीपुढची पट्टी तरी करा. पाणवठ्याभोवतीची जागा कायम ओली राहते, तिथे फरशीचे तुकडे बसवा. उसाचं पाचट किंवा लाकडाचा भुसा अंथरणार असाल तर तो कोरडा हवा आणि वारंवार बदलायला हवा. ओलं पाचट आतून तापतं आणि जंतू त्यात कोरड्या जमिनीपेक्षा जास्त वाढतात. असं अंथरण्यापेक्षा काहीच न अंथरलेलं बरं. बसायच्या जागेवर मधूनमधून चुना भुरभुरवा. उकिरडा गोठ्याला चिकटून असेल तर माशांवर कितीही फवारा, त्या येतच राहणार.

धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, त्याला अर्धा ते एक तास लागतो. नेमक्या याच वेळात दमलेली गाय खाली बसते आणि उघडं तोंड शेणाला लागतं. उपाय अगदी साधा आहे: वैरण धारेच्या आधी नको, नंतर टाका. कडब्याच्या दोन पेंढ्या किंवा मुरघास पुढे असला की गाय उभी राहते. शिवाय धार संपताच चारही सड 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा. टीट डिपचा कप आणि द्रावण महाग नाही. तरीही लहान गोठ्यांत हेच सर्वांत कमी दिसतं, आणि मला वाटतं याचं कारण पैसा नसून सकाळची डेअरीची घाई आहे.

धारेच्या पद्धतीतही बरंच काही आहे. एक बादली पाणी आणि एकच फडकं पाचही गाईंना फिरत असेल तर ते फडकं कास पुसत नाही, रोग वाटतं. प्रत्येक गाईला वेगळं धुतलेलं फडकं किंवा कागद वापरा. कास भिजवून ठेवू नका. सड धुवा आणि कोरडे करा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या रंगाच्या वाटीत काढून गाठी दिसतात का बघा. त्या जमिनीवर सोडू नका. अंगठा दुमडून धार काढण्याची सवय सोडा, त्याने सड आतून दुखावतो. पूर्ण मुठीने काढा. हात ओले करायला दूध, थुंकी किंवा तेल नको. पान्हा पाच ते आठ मिनिटं टिकतो, तेवढ्यात धार संपवायची. आधी पहिलारू आणि निरोगी गाई, शेवटी दगडीची गाय, आणि त्यानंतर हात साबणाने धुवायचे.

मशीन असेल तर सडावर बसणारे रबराचे लायनर बघा. साधारण 2,500 धारांनंतर ते बदलायचे असतात. दहा गाई, दोन वेळा, एकच क्लस्टर (सडांना लावायचा चार कपांचा संच) असा हिशेब केला तर जेमतेम चार महिने होतात. वर्षानुवर्षं तेच लायनर चालवणारे कमी नाहीत. दूध थांबल्यावरही मशीन लावून ठेवलं की सडाची टोकं फुटतात. धारेच्या मध्येच वीज गेली तर क्लस्टर ओढून काढू नका, आधी व्हॅक्यूम सोडा.

काही गाई मुळातच जास्त जोखमीच्या असतात: चार-पाच वेत झालेल्या, भरपूर दुधाच्या, लोंबत्या कासेच्या, सडावर लाळ्या-खुरकुताच्या किंवा लम्पीच्या जखमा होऊन गेलेल्या. त्यांच्यावर लक्ष जास्त ठेवा. उसाच्या वाढ्यांवरच भागवलेल्या गाईंचं आणखी एक आहे. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. कॅल्शियम कमी पडलं की व्यायल्यावर सडाचं तोंड नीट आवळत नाही आणि गाय जास्त वेळ बसून राहते. म्हणून खनिज मिश्रण रोज द्या, वाढ्यांसोबत कडबा किंवा दुसरी वैरणही हवी.

गाभण गाय व्यायच्या 60 दिवस आधी आटवा. आटवल्यानंतरचे आणि व्यायच्या आधीचे दोन-दोन आठवडे सर्वांत नाजूक असतात. दूध नाही म्हणून आटलेली गाय गोठ्याच्या चिखलाच्या कोपऱ्यात बांधली जाते, ती चूक इथे महागात पडते. आटवताना सडात सोडायची औषधाची ट्यूब डॉक्टरांना विचारून घ्या.

गाय खात नाही, ताप आहे, दूध पाण्यासारखं येतंय, किंवा सड गार आणि निळसर पडलाय, तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवतं. सूज साधी असेल तर तो दिवसातून आठ-दहा वेळा लावायला हरकत नाही, पण तापलेल्या गाईला लेपावर ठेवू नका. मेडिकलमधून आपल्या मनाने एक ट्यूब आणून सोडायची आणि कास मऊ झाली की थांबायचं, यानेच जंतू औषधाला सरावतात. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करा. औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत कोणत्याही सडाचं दूध डेअरीत घालू नका, वासरालाही पाजू नका.

पाऊस उघडतो तोवर कार्तिकी येते. पंढरपूरजवळ वाखरीच्या तळावर किंवा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात दुधाची गाय बघायला जाणाऱ्यांनी ट्रे आणि द्रावण पिशवीत टाकावं. कास हाताने दाबून बघा, गाठ लागते का. चारही सडांची धार स्वतः काढा आणि तिथेच तपासा. विकणारा त्याला नाही म्हणत असेल तर पुढची गाय बघा. आणलेली गाय पहिले काही दिवस वेगळी बांधा, तिची धार सगळ्यात शेवटी काढा आणि आठवड्याने चाचणी पुन्हा करा.