मोठ्या बोरच्या रिव्हॉल्व्हरसाठी गोळीचा साचा: आधी सिलिंडर मोजा, मग साचा घ्या

साचा घ्यायला निघालेला माणूस सहसा पहिला प्रश्न वजनाचा विचारतो: २०० ग्रेनचा (ग्रेन हे गोळीचे वजन मोजायचे एकक) घेऊ की २५०चा? दुसरा प्रश्न आकाराचा आणि तिसरा किमतीचा. व्यासाचा प्रश्न त्याच्या यादीतच नसतो. नेम बिघडतो आणि नळीत शिसे चिकटते ते मात्र बहुतेक वेळा व्यासामुळेच. म्हणून या लेखात वजन आणि आकार नंतर येतील, मोजमाप आधी.

सुरुवातीलाच एक खुलासा. इथे गोळी म्हणजे आख्खे काडतूस नाही, काडतुसाच्या पुढच्या तोंडाला बसणारा शिशाचा तुकडा. अमेरिकेत नेमबाज हा तुकडा घरी ओततात आणि वापरलेल्या केस (काडतुसाची पितळी नळकांडी) पुन्हा भरतात. तिथे हा जुना, रुळलेला छंद आहे आणि पुढची सगळी माहिती तिथल्याच संदर्भात आहे. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. त्यामुळे इथल्या वाचकांनी हे करून पाहू नये. टेक्सास-ओहायोकडे राहणाऱ्यांनीही आपल्या राज्याचे आणि आपल्या रेंजचे नियम आधी पाहावेत.

मोठा बोर (नळीचे रुंद भोक) म्हटले की मुख्यतः तीन काडतुसे डोळ्यांसमोर येतात: १८७३ चे .४५ कोल्ट, १९०७ च्या सुमाराचे .४४ स्पेशल आणि १९५५ चे .४४ मॅग्नम. तिन्हींना साचा निवडायची रीत एकच.

सिलिंडरची तोंडे

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये सहसा सहा खण असतात. काडतूस बसते तो प्रत्येक खणाचा मागचा भाग. पुढच्या बाजूला खण थोडा अरुंद होतो, त्याला थ्रोट म्हणतात. गोळी केसमधून सुटली की आधी थ्रोटमधून जाते आणि मग नळीच्या आट्यांत (आतल्या वळणदार चरांत) शिरते. गोळी थ्रोटपेक्षा बारीक असली तर तापलेला वायू तिच्या कडेने पुढे पळतो, जाताना तिचा पृष्ठभाग वितळवतो आणि ते शिसे नळीच्या सुरुवातीला चिकटते. चार-पाच फैरींनंतर नळीच्या सुरुवातीला, सिलिंडरकडच्या टोकाशी, राखाडी चकाकी दिसायला लागली तर दोष बहुधा इथेच असतो. पुष्कळ जण अशा वेळी 'शिसे मऊ पडले' म्हणून आणखी कडक मिश्रण ओततात आणि त्रास वाढवतात, कारण कडक गोळी दाबाखाली फुगून थ्रोट भरून काढत नाही.

थ्रोट मोजायला पिन गेज (नेमक्या व्यासाच्या पोलादी पिना) वापरा. .४४ साठी ०.४२८ ते ०.४३३ इंच आणि .४५ साठी ०.४४९ ते ०.४५७ इंच, एकेका थाऊच्या फरकाने. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. भोसरीच्या किंवा सातपूरच्या टूलरूममध्ये काम केलेल्यांना हा शब्द वेगळा सांगायला नको.) सिलिंडर काढून स्वच्छ पुसा आणि सहाही थ्रोट स्वतंत्रपणे तपासा. स्वतःच्या वजनाने हलकेच उतरणारी सगळ्यात मोठी पिन म्हणजे त्या थ्रोटचा व्यास. व्हर्नियरने भोक मोजू नका. गोल भोकात त्याचे जबडे नीट टेकत नाहीत आणि आकडा नेहमी कमी येतो.

मग नळी मोजा. शुद्ध मऊ शिशाचा तुकडा तेल लावून पितळी किंवा लाकडी सळईने नळीच्या तोंडाकडून ढकला, पलीकडून बाहेर काढा आणि मायक्रोमीटरने त्याचा मोठा व्यास घ्या. एका ठिकाणी इथे फसगत होते: स्मिथ अँड वेसनच्या नळीत पाच चर असतात. विषम संख्या असल्याने चराच्या समोर चर येत नाही आणि साध्या मायक्रोमीटरवर व्यास कमी दिसतो. त्यासाठी व्ही-अँव्हिल मायक्रोमीटर लागतो. तुकडा ढकलताना हाताला काय जाणवते तेही लक्षात ठेवा. नळी फ्रेममध्ये जिथे आटून बसवलेली असते तिथे एकदम जड गेले तर नळी त्या जागी दाबली गेली आहे. हा दोष कुठल्याही साच्याने सुटत नाही, गनस्मिथकडेच जावे लागते.

आकडे हातात आले की हिशेब सोपा आहे. थ्रोट नळीच्या चरांइतके किंवा त्याहून किंचित मोठे हवे आणि गोळी थ्रोटइतकी हवी. नळी ०.४२९ आणि थ्रोट ०.४३१ असतील तर गोळी ०.४३१ ची. बोटाने दाबल्यावर गोळी थोडा अडथळा देत थ्रोटमधून उतरावी. धपकन पडली तर बारीक, बोटाने उतरलीच नाही तर जाड. .४५ कोल्टमध्ये इथेच जास्त काळजी घ्या. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नळ्या ०.४५४ च्या, नंतरच्या ०.४५१-०.४५२ च्या. काही आधुनिक रिव्हॉल्व्हरचे थ्रोट ०.४५० पर्यंत लहान निघतात, तर काही जुन्यांचे ०.४५६ पर्यंत मोठे. थ्रोट नळीपेक्षा लहान असेल तर साचा विकत घेण्याआधी थ्रोट रीम करून (कापून मोठे करून) घ्या, नाहीतर कितीही चांगली गोळी थ्रोटमध्येच दाबली जाऊन नळीत सैल पडेल.

साच्याचा व्यास आणि मिश्रण

साच्यावर कोरलेला आकडा एका ठरावीक मिश्रणासाठी असतो. लायमन या साचे बनवणाऱ्या कंपनीचे आकडे त्यांच्या नंबर २ मिश्रणावर बेतलेले आहेत: ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी, ब्रिनेल मापावर कडकपणा सुमारे १५ (आकडा मोठा तितका धातू कडक). तुम्ही मऊ मिश्रण ओतले की थंड झाल्यावर गोळी जास्त आकसते आणि अर्धा-एक थाऊ बारीक येते. अँटिमनी जास्त असलेले लायनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचे मिश्रण) ओतले तर उलटे होते. म्हणून साचा असा निवडा की तुमच्या मिश्रणाची गोळी हव्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ जाड पडेल. तेवढी साइझिंग डायमधून दाबून काढता येते. तीन थाऊपेक्षा जास्त दाबली की वंगणाच्या खाचा चेपतात आणि तळ तिरका होऊ शकतो. बारीक पडलेली गोळी तर जाड करताच येत नाही. पावडर कोटिंग (गोळीवर भाजून बसवलेला भुकटीचा थर) करणार असाल तर त्याचे एक-दोन थाऊ आधीच हिशेबात धरा.

लक्ष्यभेदाच्या हलक्या काडतुसांना, म्हणजे सेकंदाला ७५० ते ९५० फुटांच्या वेगाला, ब्रिनेल ८ ते १२ पुरतो. एक भाग कथील आणि वीस भाग शिसे हे मिश्रण साधारण १० च्या आसपास येते आणि साच्यात छान भरते. क्लिपचे जुने व्हील वेट (गाडीच्या चाकाला तोलासाठी लावतात ती शिशाची वजने) देखील चालतात, पण त्यांत आता जस्ताचे तुकडे मिसळलेले असतात. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते. भांडे ३७० अंशांच्या आत ठेवले तर ते तुकडे तरंगत राहतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. एकदा जस्त विरघळले की सगळे मिश्रण पेजेसारखे घट्ट होते आणि गोळीच्या कडा भरत नाहीत. गाडीच्या बॅटरीच्या प्लेट वितळवू नका. त्यातून निघणारे वायू जीवघेणे असतात.

आकार

कागदी लक्ष्यासाठी सेमी-वॅडकटर (चपट्या नाकाची, नाकाखाली खांदा असलेली गोळी) हा आमचा पहिला पर्याय आहे. त्याच्या खांद्याची धारदार कड कागदात पंचने पाडल्यासारखे गोल भोक पाडते, त्यामुळे वर्तुळाच्या रेषेला स्पर्श झाला की नाही यावर वाद होत नाही. गोल नाकाची गोळी कागद फाडते आणि भोक प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते. सेमी-वॅडकटरची अडचण एवढीच की स्पीडलोडरने (सगळे खण एकदम भरायच्या साधनाने) भरताना खांदा खणाच्या कडेला अडतो. घाईने भरायच्या स्पर्धेसाठी चपट्या टोकाची गोल गोळी घ्या.

या घराण्यातला सगळ्यात गाजलेला आकार अमेरिकी नेमबाज-लेखक एल्मर कीथ यांचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी .४४ साठी ठरवलेली गोळी लायमनच्या ४२९४२१ या क्रमांकाने ओळखली जाते. पहिले तीन आकडे व्यास सांगतात, उरलेले तीन आकाराचे. तीन रुंद समान पट्टे, चौकोनी तळाची खोल वंगणाची खाच, तिरकी क्रिंपची खाच (केसची कड आत वळवून गोळी पकडायची जागा) आणि सपाट तळ, अशी तिची घडण. पुढचा पट्टा थ्रोटमध्ये शिरून गोळीला सरळ धरून ठेवतो, त्यामुळे तो रुंद असणे महत्त्वाचे. याच क्रमांकाच्या नंतरच्या काही साच्यांत खाच गोल झाली आणि पुढचा पट्टा अरुंद झाला. तेव्हा जुना साचा घेताना क्रमांकावर विसंबू नका, त्यातून ओतलेली एक गोळी मागवून पाहा. आरसीबीएस कंपनीचा ४४-२५०-के हा त्याच वळणाचा. .४५ कोल्टसाठी लायमन ४५२४२४.

ली कंपनीच्या साच्यांच्या नावांतली अक्षरेही वाचायला शिका. सी म्हणजे गॅस चेकची, टीएल म्हणजे टंबल ल्यूबची. टंबल ल्यूबच्या गोळीला एका खोल खाचेऐवजी अनेक बारीक रेघा असतात आणि द्रव वंगणात घोळवून ती थेट वापरता येते. गॅस चेक ही तळाला बसणारी तांब्याची छोटी टोपी. हलक्या काडतुसांना तिची काहीच गरज नाही, उगाच खर्च आणि एक पायरी जास्त.

तळाबद्दल आम्ही आग्रही आहोत. उतरत्या कडेचा तळ साच्यातून पटकन सुटतो आणि केसमध्ये सोपा बसतो, पण साइझिंग करताना वंगण त्या उतारावर साचते. सपाट, धारदार कडेचा तळच घ्या. गोळी नळीच्या तोंडातून सुटते तेव्हा वायू शेवटचा धक्का तळाला देतो. तळाची कड एका बाजूला जरी गोलावली असेल तरी धक्का तिरका बसतो. नाकावरचा ओरखडा चालेल, तळावरचा नाही.

वजनासाठी साधा नियम: .४४ ला २४०-२५० ग्रेन, .४५ कोल्टला २५०-२५५. स्थिर साइटचे (न हलवता येणाऱ्या नेमकाट्याचे) बहुतेक रिव्हॉल्व्हर याच वजनाला जुळवलेले असतात. २०० ग्रेनची गोळी धक्का कमी देते आणि शिसेही वाचवते (एका पौंडात ३५ गोळ्या, २५० ग्रेनच्या २८), पण स्थिर साइटवर ती खाली लागते. ३०० च्या वरच्या गोळ्यांचे नाक लांब असते आणि आखूड सिलिंडरमधून ते पुढे डोकावते. क्रिंपच्या खाचेपासून नाकापर्यंतची लांबी साच्याच्या आराखड्यात पाहून आपल्या सिलिंडरशी ताडून घ्या.

ठोकळ्यांचा धातू आणि कॅव्हिटी

ॲल्युमिनियम हलके, लवकर तापते, गंजत नाही, स्वस्तही. पण पिना आणि तोंडे लवकर झिजतात. लोखंडी ठोकळे हळू तापतात, तापले की उष्णता टिकवतात आणि नीट ठेवले तर पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पितळ ओतायला सगळ्यांत सुखाचे, मात्र चार कॅव्हिटीचा (एका वेळी चार गोळ्या पाडणारा) पितळी साचा तासभर धरून मनगट भरून येते. नवख्याने दोन कॅव्हिटीचा ॲल्युमिनियमचा घ्यावा. आकार आपल्या रिव्हॉल्व्हरला मानवला की मग त्याच आकाराचा चार किंवा सहा कॅव्हिटीचा घ्यावा. लीच्या सहा कॅव्हिटीच्या साच्याच्या मुठी वेगळ्या विकत घ्याव्या लागतात.

नवा साचा आला की

बंद करून दिव्यासमोर धरा. दोन ठोकळ्यांच्या सांध्यातून उजेड दिसता कामा नये. स्प्रू प्लेट (साच्यावरची भोकाची पट्टी, जिच्यातून शिसे ओततात आणि जी उरलेले शिसे कापते) सपाट बसावी आणि स्वतःच्या वजनाने हलावी. भांडी घासायच्या साबणाने आणि टूथब्रशने तेल धुऊन काढा. वाळवा, अगदी कोरडा होऊ द्या. ओलावा राहून तो वितळलेल्या शिशाखाली गेला तर वाफेचा स्फोट होतो आणि शिसे तोंडावर उडते. चष्मा, हातमोजे, बूट आणि उघड्यावरची हवेशीर जागा हवीच. स्वयंपाकघरात हे काम कधीच करू नका, त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा अन्नाला वापरू नका आणि उठल्यावर हात व कपडे धुवा.

शिसे ३७० अंशांच्या जवळ ठेवा, साचा भांड्याच्या कडेवर टेकवून तापवा. ओतताना प्लेटवर भरपूर थेंब राहू द्या. तळ आकसतो तेव्हा त्यातूनच शिसे आत ओढले जाते. चकाकी मावळली की चार-पाच सेकंद थांबून कापा. गोळी सुटत नसेल तर मुठीच्या बिजागरीवर लाकडाने ठोका, ठोकळ्यांवर कधीच नाही. पहिल्या वीसेक गोळ्या परत भांड्यात टाका.

पुढे गोळी स्वतःच सांगते. सुरकुत्या पडल्या तर साचा थंड आहे किंवा तेल राहिले आहे. धुके बसल्यासारखी पांढरट झाली तर साचा फार तापला आहे, जरा सावकाश ओता. गोळी तशी वापरायला हरकत नाही. सांध्यावर पातळ फ्लॅश (शिशाची बाहेर आलेली कड) आला तर ठोकळ्यांच्या तोंडावर शिशाचा कण अडकला आहे. तळाशी ब्लोहोल म्हणजे थेंब कमी पडला. कडा गोलावलेल्या असतील तर साचा थंड किंवा कथील कमी.

पूर्ण थंड झालेली गोळी सांध्याच्या रेषेला आडवी आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना तिरकी मोजा. खुद्द रेषेवर मोजू नका, तिथे फ्लॅश असतो. एका थाऊपेक्षा जास्त फरक आला तर साचा परत करा. गोल आहे पण हव्या मापापेक्षा एक थाऊ बारीक पडते, एवढाच दोष असेल तर एक उपाय आहे: डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. तिचे दोन बारीक तुकडे एकाच ठोकळ्याच्या तोंडावर, कॅव्हिटीपासून दूर आणि हवेच्या रेघा मोकळ्या ठेवून लावा. साचा किंचित उघडा राहतो आणि गोळी जाड पडते. थोडा फ्लॅश येईल, तो साइझिंग डायमध्ये दाबला जातो.