इकोच्या आधीची पाच मिनिटं

निवासी डॉक्टर म्हणून माझा दुसरा महिना. रात्री दीडच्या सुमाराला कॅज्युअल्टीत सातवा महिना लागलेली एक बाई आली, वय 24. सोबत सासू आणि हातात कुठल्याशा दवाखान्याची चिठ्ठी, त्यावर एकच शब्द: 'दमा'. तिला आडवं होता येत नव्हतं. पाठीला स्टेथो लावला तर दोन्हीकडे घरघर. चिठ्ठी आणि घरघर जुळली, मी नेब्युलायझर लावला. सॅल्ब्युटामॉल, दम्यात श्वासनळ्या मोकळं करणारं औषध. वीस मिनिटांत नाडी 110 वरून 140 वर गेली आणि तोंडाशी गुलाबी फेस आला.

रजिस्ट्रार सर धावत आले. "हे कोणी लावलं?" एवढंच विचारून त्यांनी मास्क काढला, ऑक्सिजन दिला, फुप्फुसातलं पाणी लघवीवाटे काढायला फ्युरोसेमाइड दिलं, मग हळूहळू ठोके उतरवायला मेटोप्रोलॉल. चारला ती उशीला टेकून बोलायला लागली. तेव्हा सरांनी मला बोलावलं. "ताई, जरा डाव्या कुशीवर वळा." स्टेथोची घंटेची बाजू हृदयाच्या टोकावर अलगद टेकवून त्यांनी कानाच्या नळ्या माझ्याकडे दिल्या. पहिला ठोका टणक. दुसऱ्यानंतर लगेच एक बारीकशी चुटकी. आणि मग लांबच्या घरात कुणी जातं फिरवावं तशी खालच्या पट्टीतली घरघर. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे डाव्या कर्णिकेतून रक्त खाली सोडणारी झडप अरुंद झालेली. मी रुग्णाची पाठ ऐकली होती, हृदय ऐकलंच नव्हतं.

कार्डिओलॉजीत किंवा मेडिसिनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय, म्हणून त्या रात्री नेमकं काय झालं ते आधी सांगते. निरोगी मायट्रल झडप 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडते. संधिवाती तापाने (र्‍हुमॅटिक फीवर) कडा चिकटून ती 1.5 च्या खाली आली की आजार गंभीर धरतात. तिची 0.8 होती. एवढ्याशा फटीतून रक्त खाली उतरायला लागतो वेळ. ठोके 60 असतील तर दोन ठोक्यांमध्ये झडपेला साधारण दोन-तृतीयांश सेकंद मिळतो, 120 झाले की जेमतेम पाव सेकंद. मग डाव्या कर्णिकेत रक्त तुंबतं, दाब फुप्फुसात मागे जातो आणि पाणी भरतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त आधीच चाळीसेक टक्क्यांनी वाढलेलं असतं, नाडीही वाढलेली. त्यात मी ठोके वाढवणारं औषध ओतलं. म्हणूनच ताप, रक्तक्षय, थायरॉइड, एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची बेताल थरथर), बाळंतपण, ठोके वाढवणारं काहीही या बायकांना एका रात्रीत खाली आणतं. आणि बाळंत झाल्यावर 'सुटली बिचारी' म्हणून आपण निर्धास्त होतो, तेव्हाचा पहिला दिवस सगळ्यात धोक्याचा असतो.

प्रश्न कसा विचारायचा, हे मला पुस्तकात सापडलं नाही. "दम लागतो का?" विचारलंत तर निम्म्या बायका "नाही" म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. आजार इतका सावकाश वाढतो की त्यांनी दम लागेल ती कामं कधीच सोडून दिलेली असतात. हंडा आता धाकटी जाऊ आणते, धुणं बसून होतं, देवीच्या पायऱ्या चढून दोन वर्षं झाली. म्हणून मी विचारते, "मागच्या दिवाळीला करत होता आणि यंदा सोडलंत असं काय?" आणि "रात्री उशा किती लागतात?" लहानपणी सांधे सुजून शाळा बुडली होती का, हेही विचारा, पण उत्तर 'नाही' आलं म्हणून संधिवाती ताप नव्हता असं धरू नका. बहुतेकींना आठवत नाही. खोकल्यातून रक्त पडतं म्हणून महिनोन्‌महिने टीबीची औषधं खाल्लेल्याही मी पाहिल्यात.

त्या रात्रीनंतर सरांनी एक शिस्त लावली, ती आजही सोडलेली नाही. इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला पाठवण्याआधी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने स्वतःचा अंदाज लिहायचा: कोणती झडप, अरुंद की गळकी, किती गंभीर. मग रिपोर्ट. पहिल्या तीन महिन्यांत माझे निम्म्याहून जास्त अंदाज चुकले. का चुकले ते बघितल्यावर हसू आलं, कारण आवाज ओळखता न येण्यापेक्षा रुग्णाला नीट न बसवल्यामुळेच जास्त चुकले होते. एओर्टिक रिगर्जिटेशनची, म्हणजे हृदय आणि महाधमनी यांच्यामधली झडप गळत असतानाची बारीक, श्वासासारखी मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) उताण्या रुग्णात हरवून जाते. त्याला उठून बसवा, पुढे वाकवा, श्वास सोडून थांबायला सांगा आणि डायफ्रॅम, म्हणजे स्टेथोची सपाट बाजू, उरोस्थीच्या डाव्या कडेला घट्ट दाबा. मायट्रल स्टेनोसिससाठी नेमकं उलटं: डावी कूस, घंटा, आणि हात हलका. घंटा जोरात दाबली की कातडी ताणून तिचाच डायफ्रॅम होतो. गर्दीच्या ओपीडीत हे सगळं पाच मिनिटांत बसतं. पंखा मात्र बंद करा. तेवढ्यासाठी शिपाई मामांशी वाद झाला तरी चालेल.

म्हाताऱ्या माणसांत प्रकरण वेगळं. तिथे एओर्टिक झडपेवर कॅल्शियम चढून ती अरुंद होते, म्हणजे एओर्टिक स्टेनोसिस. मर्मर केवढी मोठी यावर जाऊ नका. दुसरा ठोका मऊ पडलाय का आणि मानेतली नाडी सावकाश वर येतेय का ते बघा. हृदय थकलं की मर्मर लहान होते आणि आपण फसतो. चालताना चक्कर येऊन पडलेल्या आजोबांच्या डोक्याचा सीटी स्कॅन आधी होतो, छातीला स्टेथो नंतर लागतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता रागही येत नाही. 2002 साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा छाती न उघडता नळीतून एओर्टिक झडप बसवली. आता ते आपल्याकडेही होतं, फक्त खर्च आमच्या वॉर्डातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

इको शिकताना दोनच गोष्टी. मायट्रलचा ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) लिहिलात की शेजारी हार्ट रेट लिहाच. ठोके 60 असताना 6 आणि 110 असताना 14 ही एकाच झडपेची कथा असू शकते. दुसरं, एओर्टिक स्टेनोसिसमध्ये रक्ताचा वेग मोजणारी डॉपलरची रेघ रक्ताच्या धारेशी तिरकी पडली की वेग कमीच मोजला जातो, कधी जास्त नाही. सेकंदाला 4 मीटरच्या वर गेला की गंभीर, पण 3.6 वर समाधान मानण्याआधी रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून उरोस्थीच्या उजव्या कडेने एकदा बघा.

त्या बाईला तिसऱ्या दिवशी फुगा घातला. जपानच्या कांजी इनोउए यांनी 1982 मध्ये पहिल्यांदा वापरलेला हा फुगा मांडीच्या शिरेतून, दोन कर्णिकांमधल्या पडद्याला छिद्र पाडून झडपेत नेतात. त्याआधी अन्ननलिकेतून इको करून डाव्या कर्णिकेत गुठळी नाही ना, हे बघायचंच. फुग्याचं माप काढायचं गणित परीक्षेतही विचारतात: उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 10, अधिक 10. ती 150 ची, म्हणजे 25 मिलिमीटर. आम्ही त्याहून लहान मापाने सुरुवात केली. एक्स-रेपासून बाळाला जपायला पोटावर शिशाचं आवरण होतं. फुगा मधोमध कमरेत आवळलेला दिसतो आणि एका क्षणी ती कंबर सुटते. पडद्यावर कर्णिकेचा दाब 30 वरून 14 वर आला. टेबलावरच तिने मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "मॅडम, झालं का?"

झालं, पण संपलं नव्हतं. इथेच आपण सगळे कमी पडतो. फुगा घातला काय किंवा झडप बदलली काय, संधिवाती ताप पुन्हा येऊ नये म्हणून द्यायचं पेनिसिलीनचं इंजेक्शन सुटत नाही: 12 लाख युनिट, दर 21 दिवसांनी, गंभीर आजारात किमान चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर. रिॲक्शनच्या भीतीने गावातले डॉक्टर द्यायला कचरतात, इंजेक्शन दुखतं, एक दिवसाचा रोज बुडतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया बसते. पण एकविसाव्या दिवशीच्या एसटीचे पैसे कशातच बसत नाहीत. मी डिस्चार्ज कार्डावर पुढच्या सहा तारखा लिहून देते आणि जवळच्या आरोग्य केंद्राच्या नावाने चिठ्ठी. फोन केला तर आणखी बरं.

रक्त पातळ करायच्या गोळीचंही तसंच. संधिवाती मायट्रल स्टेनोसिस आणि एट्रियल फिब्रिलेशन एकत्र असेल तर नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्यांचा मोह टाळा. 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत वॉरफरिनसारखी जुनी औषधंच सरस ठरली. धातूच्या झडपेला तर ती जुनीच लागतात, आणि मायट्रल जागी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) 2.5 ते 3.5 ठेवावा लागतो. "पालेभाजी बंद" असं सरसकट सांगू नका, "मेथी-पालक आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खा" असं सांगा. श्रावणात माझ्या रुग्णांचे आयएनआर हलतात. उपास किती धरणार ते आधीच विचारून घेते. गुडघेदुखीची गोळी परस्पर घेऊ नका, हेही.

आणि झडपेच्या रुग्णाला ताप आला तर अँटिबायोटिक आधी देऊ नका. तब्येत अगदीच ढासळलेली नसेल तर झडपेवर जंतू बसलेत का हे शोधायला आधी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घेऊन ब्लड कल्चर, मग औषध. एकदा डोस गेला की जंतू सापडत नाही आणि पुढचे सहा आठवडे तुम्ही अंधारात तीर मारता.

धातूची झडप बसवलेली एक मावशी माझ्याकडे सात वर्षं यायच्या. रात्री शांत झालं की झडपेची टिकटिक नवऱ्यालाही ऐकू येते, म्हणून त्या तिला 'घड्याळ' म्हणत. एका गुरुवारी, ओपीडीचा वार नसताना, वॉर्डच्या दारात उभ्या. धाप नाही, सूज नाही. "घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. लग्नघरात महिनाभर गोळी राहून गेली होती. मी कान लावला. धातूचा टणत्कार बोथट झाला होता. फ्लुरोस्कोपीखाली, म्हणजे हलत्या एक्स-रेत, झडपेची चकती अर्धवटच उघडत होती. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज सुरू केलं, रात्रभर दर दोन तासांनी ऐकत राहिले. पहाटे पाचला मी स्टेथो लावायच्या आधीच त्या उशीवरून म्हणाल्या, "वाजायला लागलं बघा."