तपकीर गल्लीत टीव्ही ट्यूनर कार्ड घ्यायला निघण्याआधी

कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं कार्ड घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचंय, पण कार्ड कोणतं घ्यायचं हे नंतर बघू. कॉम्प्युटरला सिग्नल कुठून देणार, ते आधी घरीच ठरवा, कारण स्वस्त कार्डावर पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. पुण्यातली केबल डिजिटल करायची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. तेव्हापासून केबलची वायर जुन्या ॲनालॉग कार्डात थेट खोचली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. गच्चीवरच्या, सिंहगडावरच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे तोंड केलेल्या जुन्या अँटेनाचाही आता उपयोग नाही. डीव्हीबी-सी (डिजिटल केबलच्या) कार्डाला केबल समजते, पण चॅनल कूटबद्ध असल्याने चित्र येत नाही. डीटीएचच्या पैसे भरून घेतलेल्या चॅनलचंही तसंच. कंपनीचं चॅनल उघडणारं स्मार्ट कार्ड तिच्याच सेट-टॉप बॉक्सशी बांधलेलं असतं. परदेशातून कुणी आणलेली डीव्हीबी-टीची (तिथल्या अँटेनाच्या डिजिटल टीव्हीची) यूएसबी काडी किंवा अमेरिकेतल्या पद्धतीचं एटीएससी कार्ड फुकट मिळालं तरी टीव्ही बघायला घेऊ नका.

म्हणजे मार्ग दोनच उरतात. घरात सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याचं चित्र आत घेणारं कॅप्चर कार्ड, किंवा दूरदर्शनच्या फुकट डीडी फ्री डिशसाठी डीव्हीबी-एस२ (उपग्रहाचा सिग्नल घेणारा) ट्यूनर. रेकॉर्डिंग करायचं असेल तर दुसरा मार्ग नक्कीच सरस. चॅनल बदलायला बॉक्सचा रिमोट लागत नाही, महिन्याचे पैसे नाहीत आणि आलेला डिजिटल प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरतो.

आता कॉम्प्युटरचं झाकण उघडून बघा. जुन्या बाजारात मिळणारी बरीच कार्डं साध्या पीसीआय स्लॉटची असतात आणि नव्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. पीसीआय एक्स्प्रेसचा छोटा स्लॉट असला तरी जाड ग्राफिक्स कार्डाखाली तो झाकला गेलेला नाही ना, हे पाहा. ऑफिसमधून उतरलेला बुटका डेस्कटॉप असेल तर कार्डासोबत अर्ध्या उंचीची पट्टी मिळते का, ते विचारा. लॅपटॉपला यूएसबीच. मग ड्रायव्हर: खोक्यावर फक्त एक्सपी किंवा व्हिस्टा लिहिलेलं असेल तर ६४-बिट विंडोजवर ते कार्ड चालेल असं धरून चालू नका. मीडिया सेंटरच्या भरवशावर विकलेल्या कार्डाला विंडोज १० मध्ये तो प्रोग्रामच सापडत नाही. लिनक्सवाल्यांनी ब्रँड न बघता चिपचा नंबर टिपून घ्यावा आणि फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल आधीच उतरवून ठेवावी.

कॅप्चर कार्ड घेणार असाल तर बॉक्सच्या एचडीएमआयवर विसंबू नका; नक्कल रोखणाऱ्या एचडीसीपीच्या कुलपामुळे बहुधा काळा पडदा दिसतो. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची एव्ही वायर वापरा. बॉक्सला ३.५ मिमीचं गोल छिद्र असेल तर त्याच बॉक्सची वायर न्या, कारण या वायरींमध्ये ग्राउंडची जागा सारखी नसते. वायर चुकली तर चित्राऐवजी गुरगुर ऐकू येते. सॉफ्टवेअरमध्ये पाल (PAL) ही आपल्याकडची चित्रपद्धत निवडा. अमेरिकेतली एनटीएससी राहिली तर चित्र कृष्णधवल येतं किंवा वरखाली घरंगळतं. ७२० बाय ५७६ चं कच्चं चित्र सेकंदाला सुमारे २१ एमबी घेतं, म्हणजे तासाला ७५ जीबी! त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असतानाच दाबून (कॉम्प्रेस करून) साठवा, आणि कॅप्चरची यूएसबी काडी हबमध्ये न लावता थेट मागच्या पोर्टला लावा. हबवर फ्रेम गळतात आणि आवाज मागेपुढे होतो.

एस२ साठी आधी गच्ची किंवा गॅलरी तपासा. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, खऱ्या उत्तरेपासून साधारण १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर येतो. एवढ्या उंचीमुळे समोरच्या इमारतीपेक्षा वरच्या गॅलरीचा स्लॅबच जास्त आडवा येतो. ऑफसेट डिश मात्र दिसायला बरीच उभी असते, म्हणून तबकडी ५९ अंशांवर कलवत बसू नका. गच्चीवर लावणार असाल तर सोसायटीची परवानगी आधी घ्या.

यादीत ६० सेंमी किंवा मोठी डिश, युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा), मोजून घेतलेली आरजी-६ ही डिशची वायर आणि तिच्या टोकांना लावायचे चार एफ कनेक्टर लिहा. दोन लागतात, दोन बिघडतात. वायर सोलताना जाळीचा एकही केस मधल्या तांब्याला टेकू देऊ नका. एलएनबीला याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, आणि तो केस शॉर्ट करून कार्डाचा वीजपुरवठा उडवू शकतो. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोनेक मिमी पुरे. वायर जोडताना कॉम्प्युटर बंद हवा. यूएसबी ट्यूनर असेल तर १२ व्होल्टचा अडॅप्टर खोक्यात आहे का, हे दुकानातच पाहा. साधं डीव्हीबी-एस कार्ड थोडं स्वस्त पडतं, पण एमपीईजी-४ या नव्या पद्धतीचे चॅनल त्यावर येत नाहीत. तिथे काटकसर करू नका. एफएम रेडिओ आणि रिमोटसाठी मात्र जादा पैसे देऊ नका.

दुकानात लॅपटॉप सोबत न्या, ड्रायव्हर तिथेच टाकून कार्ड ओळखलं जातं का ते बघा आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर एलएनबी सेटिंगमध्ये ९७५० आणि १०६००, सिम्बॉल रेट २९५०० भरून शोध लावा. सिग्नलची ताकद दिसते पण गुणवत्ता शून्य असेल तर वायर आणि एलएनबी बहुतेक ठीक असतात, डिशची दिशा चुकलेली असते. ती एका वेळी बोटभरच सरकवा, आणि प्रत्येक वेळी मीटर स्थिर व्हायला चार-पाच सेकंद थांबा.