फलक शेवटी वाचायचा

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सातवीचा वर्ग न्यायचा असेल, तर तयारीची सुरुवात बस ठरवण्यापासून करू नका. महिनाभर आधी एकदा एकटे जाऊन या. दोन तास फिरा आणि पाच वस्तू निवडा. पाचच. तिथे मांडलेल्या वस्तूच अडीच हजारांच्या आसपास आहेत, एकूण संग्रह 20,000च्या वर. सगळं दाखवायच्या नादाला लागलात की काहीच दिसत नाही. माझ्या पहिल्या सहलीत मी मुलांना रांगेने सगळे मजले फिरवले होते. प्रत्येकाच्या हातात वही, काम एकच, फलकावरचा मजकूर उतरवून घ्यायचा. येताना बसमध्ये विचारलं, काय पाहिलंत? एकजण अभिमानाने म्हणाला, "बाई, चौदा पानं झाली!"

तेव्हापासून माझ्या यादीत सगळ्यात वर एकच ओळ असते: फलक शेवटी वाचायचा. बाकीची यादी ही ओळ पाळता यावी म्हणून.

पाच वस्तू निवडताना मुलांनी ऐकलेली पण हाताळलेली नसेल अशी एक तरी घ्या. अडकित्ता उत्तम. वजरी त्याहून उत्तम, कारण टाच घासायला एवढं नक्षीकाम कोण करेल हे आजच्या मुलांच्या डोक्यातच येत नाही. पक्ष्याच्या, प्राण्याच्या आकाराची वजरी बघून "पेपरवेट" हे उत्तर मी दरवर्षी ऐकते, आणि ते मला चुकीचंही वाटत नाही. हातात मावणारी, जड, बुडाशी सपाट, एवढं बघूनच ते आलेलं असतं. एक कुलूप घ्या, एक लामणदिवा घ्या. पाचवा मस्तानी महाल, कारण तो कोथरूडच्या मूळ वास्तूचे अवशेष आणून इथे पुन्हा उभारलेला आहे. मूळ काय, नंतर जोडलेलं काय, हा प्रश्न तिथे आपोआप उभा राहतो. निवडलेल्या प्रत्येक जागी आठ मुलं उभी राहू शकतील का, उजेड पुरेसा आहे का, फलक कुठे आहे, हे टिपून ठेवा. फोटोचे नियम, गटाची सवलत आणि वेळा तिथल्या खिडकीवरच विचारा. मागच्या वर्षीची माहिती धरून चालू नका.

पंधरा दिवस आधी प्रोजेक्टर किंवा टॅब मिळवा. वीज जाणारच, म्हणून चित्रं आधीच उतरवून ठेवा. केंद्र सरकारच्या 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या पोर्टलवर दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचं भारतीय संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग यांच्या वस्तू घरबसल्या बघता येतात. वस्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्या ज्या 'जतन' या संगणक प्रणालीवर ते उभं आहे ती पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवली, हे मुलांना जरूर सांगा. संग्रहालयात कॉम्प्युटरवाल्यांचंही काम असतं हे त्यांना माहीत नसतं.

माझा डिजिटल तास एकाच वस्तूचा असतो: मोहेंजोदडोची कांस्यमूर्ती. भिंतीवर ती छताला टेकेल एवढी मोठी दाखवायची आणि प्रत्येकाला सुतळीचा तुकडा द्यायचा: खरी मूर्ती केवढी असेल तेवढा कापा. कोणी हातभर कापतं, कोणी कमरेएवढा. मग पट्टीने साडेदहा सेंटिमीटर मोजून दाखवायचे. वर्ग गप्प होतो. पडदा काय लपवतो हे समजवायला मला याहून स्वस्त साधन सापडलेलं नाही.

त्याच मूर्तीवर दुसरा अर्धा तास. नाव न सांगता विचारायचं, ही काय करतेय? थकलीये, कोणाची तरी वाट बघतेय, भांडायच्या तयारीत आहे. प्रत्येक उत्तरावर एकच प्रतिप्रश्न: कशावरून? कमरेवरचा हात, वर केलेली हनुवटी, डाव्या हातभर बांगड्या, पुरावे निघायला लागतात. सगळ्यात शेवटी सांगायचं, की 'नर्तकी' हे नाव पुरातत्त्वज्ञांनी 1926 साली ती सापडल्यानंतर दिलेलं; तिच्या काळच्या माणसांनी नव्हे. ती नाचत होती हे कशावरून? फलक शेवटी का वाचायचा, ते वेगळं सांगावं लागत नाही.

'कशावरून' ही युक्ती माझी नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी चित्र बघण्यासाठी तीन प्रश्न रुळवले: इथे काय चाललंय, असं म्हणायला काय दिसलं, आणखी काय सापडतंय. पण मराठीत मधल्या प्रश्नाला एकच शब्द पुरतो, आणि आपल्या घरोघरी तो भांडणात आधीपासून वापरात आहे.

आठवडा आधी घरची एक जुनी वस्तू शोधायला सांगा. पालकांच्या फोनवरून तीन बाजूंनी फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं, म्हणजे आकार कळतो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची जोडी आधीच लावा, वर्गात हात वर करायला लावू नका. फोटो व्हॉट्सअॅप गटावर नावाशिवाय टाकायचे, बाकीच्यांनी ओळखायचं. फोटोवरून वस्तू ओळखणारं अॅपही एकदा वापरू द्या. काही वेळा ते बरोबर सांगतं, काही वेळा बिनदिक्कत ठोकून देतं. त्यालाही 'कशावरून' विचारायची सवय लागते.

संमतीपत्रं, हजेरीपट, प्रथमोपचार पेटी, डबे, पाणी, गाडी लागणाऱ्यांसाठी पुढच्या जागा: हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पेनऐवजी पेन्सिली न्या आणि कागद कोरे न्या, रेघांचे नकोत. रेघा दिसल्या की मुलं लिहायला लागतात, चित्र काढत नाहीत.

चाळीस मुलं असतील तर आठ-आठचे पाच गट, प्रत्येक वस्तूपाशी बारा मिनिटं, तासाभरात फेरी पूर्ण. प्रत्येक गटात एक 'फलकाचा राखणदार' नेमा. तो फलकाकडे पाठ फिरवून उभा राहतो आणि दहाव्या मिनिटापर्यंत कुणाला वाचू देत नाही. सर्वांत खोडकर मुलाला हे काम द्या, चोख करतो. आत फोन फक्त तुमच्याकडे, तोही आवाज बंद करून. शेवटचा अर्धा तास मोकळा सोडा, हवं तिथे हवं तेवढं उभं राहू द्या.

हे सगळं कोणी जमवलं, हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत थांबा. आला की मग सांगा: दिनकर केळकर कवी होते, 'अज्ञातवासी' नावाने लिहायचे, 1920च्या सुमारास वस्तू जमवायला लागले, आणि संग्रहालयाच्या नावातला 'राजा' म्हणजे लहानपणीच गेलेला त्यांचा मुलगा. एका वर्षी हे ऐकून एक मुलगी परत लामणदिव्यापाशी जाऊन उभी राहिली. मी तिला कशावरून विचारलं नाही.

परतल्यावर दोन तास राखून ठेवा. पहिल्यात मुलांनी वस्तू बघून स्वतः लिहिलेला फलक आणि संग्रहालयाचा फलक शेजारीशेजारी ठेवायचे. दुसऱ्यात थोडा अवघड प्रश्न: एवढी नक्षीदार कुलपं, पण ज्यांच्या घरी कुलूप लावण्याजोगं काही नव्हतं, त्यांच्या वस्तू कुठे आहेत? त्या कोणी जमवल्या असत्या? इथे उत्तर देण्याची घाई करू नका, तुमच्याकडेही ते नसण्याची शक्यता आहे.

मग घरच्या वस्तूंचं प्रदर्शन शाळेच्या व्हरांड्यात. तारीख मुख्याध्यापकांकडून आधीच घ्या, आज्यांना बोलवा, आणि प्रत्येक वस्तूशेजारी मुलांच्या फलकाखाली एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. आज्या दुरुस्त्या सांगतात, लिहून घ्यायला जवळ एक मूल उभं ठेवा.