आधी नुसत्या बीड्सची ट्यूब

डीएनए-एन्कोडेड लायब्ररी म्हणजे डीएनएचा ओळख-टॅग जोडलेल्या असंख्य रेणूंचा संच; त्यातून प्रोटीनला चिकटणारे रेणू निवडणं म्हणजे सिलेक्शन. माझं पहिलं सिलेक्शन वाया गेलं ते एका ट्यूबच्या काटकसरीपायी. लायब्ररी वाचवायची म्हणून नुसत्या बीड्सची (प्रोटीन धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची, पण प्रोटीनशिवाय) ट्यूब मी लावलीच नाही. सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे टॅग वाचल्यावर, इमिडाझोलवाल्या रेणूंची रांग दिसली आणि आठवडाभर मी हवेत. ते प्रोटीनला नव्हे, बीड्सवरच्या निकेलला चिकटले होते. प्रोटीनला बीड्सवर बांधणारा हिस्टिडिन टॅग निकेलला धरतो तोही इमिडाझोलनेच. पाठ होतं हो सगळं!

तेव्हा तीन ट्यूब लावा: बीड्सवर प्रोटीन, नुसत्या बीड्स, आणि प्रोटीनसोबत ओळखीचा इनहिबिटर (प्रोटीनची खाच अडवणारा रेणू) भरपूर. खरा हिट, म्हणजे प्रोटीनलाच चिकटणारा रेणू, पहिलीत दिसतो, दुसरीत नसतो. तिसरीतही तो टिकला तर टाकून देऊ नका, दुसऱ्या खाचेत बसत असेल.

लायब्ररी किती लागते? तीन फेऱ्यांत हजार-हजार तुकडे जोडले की 100 कोटी रेणू होतात, प्रत्येकाला स्वतःचा डीएनए टॅग. प्रत्येकाच्या 10 लाख प्रती घेतल्या तरी सगळं मिळून 1.7 नॅनोमोलच्या आत. एवढ्याशा थेंबात हे मावतं, म्हणून तर ब्रेनर आणि लर्नर या शास्त्रज्ञांची 1992 मधली कल्पना इतकी टिकली.

बफरमध्ये थोडं ट्वीन (साबणासारखं द्रव्य) आणि सॅल्मन माशाच्या शुक्राणूंचा डीएनए घाला, म्हणजे टॅगच चिकटून बसण्याचे प्रकार कमी होतात. तासभर ठेवा, धुवा, मग गरम करा. प्रोटीन उलगडलं की चिकटलेले रेणू सुटतात. ते ताज्या प्रोटीनवर पुन्हा लावा. अशा दोन-तीन फेऱ्या, मग पीसीआर (टॅगच्या प्रती वाढवणं) आणि सिक्वेन्सिंग. हात बसेपर्यंत कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइमवर सराव करा. लायब्ररीत त्याला घट्ट चिकटणारे सल्फोनामाइड असूनही ते वर आले नाहीत, तर धुण्यात घोळ आहे.

सिक्वेन्सिंगमधल्या एकट्यादुकट्या मोठ्या आकड्यावर भाळू नका. दोन तुकडे तेच आणि तिसरा बदलता, असे बरेच रेणू एकत्र वर आलेत का ते बघा.

मग हिट डीएनएशिवाय बनवा. टॅग जिथे होता तिथे मिथाइल अमाइड ठेवा. तरी चिकटला नाही तर? टॅगवर लिहिलेलं असतं काय घालायचं ठरलं होतं ते. प्रत्यक्ष काय बनलं ते नाही. अमाइड जोडणी अर्धवट राहिली असेल, तर तिसरा तुकडा नसलेला अर्धा रेणूही बनवून बघा. माझ्या दुसऱ्या सिलेक्शनमध्ये चिकटणारा तोच निघाला.