काळ्या डागाखाली दुसरा रेझिस्टर होता

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका दुकानदाराने सीसीटीव्हीचा 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा सप्लाय बेळगावात माझ्याकडे आणला. वीज पडली तेव्हापासून बंद. फ्यूज काळा, मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट, त्याला चालवणारा सहा पायांचा छोटा कंट्रोलर आयसी फुटलेला. मॉसफेटच्या सोर्स नावाच्या पायापाशी एक जळका रेझिस्टर, त्यावर पुसट 1आर0, म्हणजे 1 ओहम. सगळं बदललं, सिरीज बल्बवर (मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून, म्हणजे शॉर्ट असला तरी करंट आवरला जातो) चालू केला, 12 व्होल्ट आले. दिला.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. "दिवसभर चालतंय, रात्र झाली की टिकटिक करून बंद पडतंय."

अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि लोड वाढतो, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या अण्णांनी बोर्ड भिंगाखाली धरला. रेझिस्टरशेजारचा काळा डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, तर खाली दोन पॅड, म्हणजे भाग सोल्डर करायच्या जागा! तिथला रेझिस्टर जळून उडूनच गेला होता. 1 ओहमचे दोन पॅरलल म्हणजे 0.5 ओहम. या रेझिस्टरवरून मॉसफेटचा करंट मोजणाऱ्या आयसीच्या सेन्स पायावर साधारण 0.8 व्होल्ट आले की असा आयसी मॉसफेट बंद करतो. मी एकच बसवल्यामुळे तो निम्म्या करंटलाच हात आखडत होता.

म्हणून नवीन मुलांना माझं कळकळीचं सांगणं: जळका भाग ओळखताना आधी त्याची जागा वाचा, मग त्यावरचा नंबर. (त्याआधी मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करा, त्यात 325 व्होल्ट असतात.) पुसण्यापूर्वी फोटो काढा. मग पॅडपासून ट्रॅक कुठे जातो ते मीटरने शोधा. एक टोक सोर्सला आणि दुसरं मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला असेल, तर तो सेन्स रेझिस्टर, बहुधा एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी. आयसी आणि गेट (मॉसफेटला चालू-बंदचा हुकूम घेणारा पाय) यांच्यामध्ये असेल तर बऱ्याचदा 10 ते 47 ओहम. नंबर दिसला तर 103 म्हणजे 10 किलोओहम, आर22 म्हणजे 0.22 ओहम. तपकिरी सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. तसाच दुसरा चांगला बोर्ड मिळवून त्यावरचा काढून मोजणं हाच भरवशाचा मार्ग. तीन पायांच्या भागांवरच्या दोन-तीन अक्षरांवर विसंबू नका, एकच खूण वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या भागांना देतात.

बोर्डच कोळसा झाला असेल तर तेवढा भाग खरवडून काढा. कोळशातून करंट वाहतो, नवा भागही जळतो.

त्या सप्लायला दुसरा 1 ओहम बसवला, 12 व्होल्ट 21 वॅटचा आधी एक बल्ब, मग त्याला पॅरलल दुसरा लावून अर्धा तास चालवला आणि मगच परत दिला.